‘शाळेकडे असते काय, नाव आणि गुणच ना?’ : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

शाळेत नवे ॲप किंवा नवी संगणकीय प्रणाली सुरू झाली की पालकांच्या गटांमध्ये एका आशयाचा मजकूर फिरू लागतो. शाळा घेते ती माहिती साधी असते, म्हणजे नाव, जन्मतारीख, हजेरी आणि गुण. तिचे विश्लेषण करण्यापूर्वी कंपन्या नावे काढून टाकतात. पालकांनी संमतीपत्रावर सही केलेली असते. माहितीला पासवर्डचे संरक्षण असते. आणि गोपनीयतेचा बाऊ करणारे शेवटी मुलांच्या शिक्षणाचेच नुकसान करतात, असे त्यात सांगितलेले असते. ही विधाने वरवर पटण्यासारखी आहेत आणि ती पुढे पाठवणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. तरीही त्यांपैकी एकही विधान तपासणीत टिकत नाही.

माहिती साधी असते, हे पहिले विधान शालेय नोंदींचे स्वरूपच लक्षात घेत नाही. शाळेच्या दप्तरात मुलाचे आजार आणि औषधे, शुल्कसवलतीसाठी दिलेला उत्पन्नाचा पुरावा, आईवडील विभक्त असल्यास ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश, शिस्तभंगाच्या नोंदी, अध्ययन अक्षमतेची चाचणी आणि समुपदेशकाची टिपणे असे बरेच काही साठलेले असते. 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, तेव्हा सुमारे 2,000 विद्यार्थ्यांच्या मानसशास्त्रीय मूल्यमापनाच्या नोंदी बाहेर आल्या. पुढच्याच वर्षी मिनियापोलिसमधील शाळांच्या ज्या फायली हल्लेखोरांनी इंटरनेटवर टाकल्या, त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचे तपशीलही होते. ज्या मुलाने धीर करून एका विश्वासू प्रौढ व्यक्तीला काही सांगितले, त्याचे शब्द अनोळखी माणसांच्या हाती पडतात, तेव्हा झालेली हानी कोणत्याही भरपाईने पूर्ववत होत नाही. नुसते नाव, जन्मतारीख आणि ओळख क्रमांक यांचाही दुरुपयोग होतो, कारण लहान मुलाच्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हे सहसा कोणी पाहत नाही आणि फसवणूक उघड होईपर्यंत ते मूल मोठे झालेले असते.

नावे काढली की प्रश्न मिटतो, हा दुसरा समज. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवून दिले की अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोकांची जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड यांची जुळणी बहुधा एकमेवच ठरते, म्हणजे नावाशिवायही ती व्यक्ती हुडकता येते. शाळेत तर गट आणखी लहान असतो. चाळीस मुलांच्या वर्गात श्रवणयंत्र वापरणारी एकच मुलगी असेल, तर तिचे नाव खोडून काय साधणार?

संमतीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर स्वीडनमधील शेलेफ्तेओ येथील एका शाळेने काही आठवडे 22 विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. त्यासाठी संमती घेतलेली होती. तरीही स्वीडनच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने 2019 मध्ये तिथल्या नगरपालिकेला 2 लाख क्रोनरचा दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, दोघांच्या अधिकारांत मोठी विषमता असते, म्हणून अशी संमती मुक्त मानता येत नाही. शिवाय हजेरी याहून कमी हस्तक्षेपाच्या मार्गानेही घेता येते, असे कारण त्यामागे होते. हा विचार सर्वत्र लागू पडतो. प्रवेशाच्या दिवशी पुढे केलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यात एक संमतीपत्र असते, ते न भरल्यास प्रवेशाचे काय होईल हे कोणी सांगत नाही, आणि ज्याची माहिती घेतली जाते त्या मुलाला तर कोणी विचारलेलेच नसते. अशा सहीमुळे शाळेची जबाबदारी तिळमात्र कमी होत नाही.

पासवर्डविषयी थोडक्यात सांगता येईल. पॉवरस्कूल या शालेय नोंदींच्या मोठ्या प्रणालीत डिसेंबर 2024 मध्ये घुसखोरी झाली, ती चोरलेल्या लॉगिनच्या आधारेच. कंपनीने माहिती नष्ट केली जावी म्हणून खंडणी दिली, तरी काही महिन्यांनी त्याच माहितीच्या बळावर शिक्षण मंडळांना पुन्हा धमक्या आल्या. या घटनेतील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. टोरंटोच्या शिक्षण मंडळाने जाहीर केले की बाहेर गेलेल्या माहितीत 1985 पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी असू शकतात. शाळा सोडून चार दशके झालेल्या माणसाची माहिती चालू प्रणालीत कशासाठी ठेवली होती? कुलूप कितीही भक्कम असले तरी ते कधी ना कधी तुटू शकते. जी नोंद ठेवलीच नाही किंवा वेळेवर पुसली, ती मात्र कोणालाही चोरता येत नाही.

राहिला शिक्षणाच्या नुकसानीचा आरोप. शिक्षकाला मुलाची प्रगती आणि त्याची ॲलर्जी ठाऊक असलीच पाहिजे, हे कोणीही नाकारत नाही. वाद आहे तो याच माहितीच्या जाहिरातदारांपर्यंत होणाऱ्या प्रवासाचा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2022 मध्ये 49 देशांतील, महामारीच्या काळात सरकारांनी पुरस्कारलेली 160 हून अधिक शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा सुमारे 89 टक्के साधने मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणाऱ्या रीतीने माहिती हाताळत असल्याचे तिला आढळले. अभ्यासाला यातून काय मिळाले? उलट, गोपनीयतेकडे दुर्लक्ष केल्याने उपयुक्त ठरू शकणारे प्रकल्पही बुडतात. अनेक शाळांतील विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठवणारा अमेरिकेतील इनब्लूम हा सुमारे 10 कोटी डॉलर निधीचा उपक्रम पालकांच्या विरोधामुळे 2014 मध्ये, सुरू झाल्यावर जेमतेम वर्षभरात, गुंडाळावा लागला.

या सगळ्याचा भार एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. वर्गात वेळ वाचावा म्हणून तो एखादे मोफत ॲप वापरतो आणि त्याच्या अटींची पाने वाचायला त्याच्याकडे सवड नसते. तपासलेल्या साधनांची यादी त्याला देणे हे शाळेच्या व्यवस्थापनाचे काम आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, ती कोण पाहू शकते, दुसऱ्या कोणाला दिली जाते का आणि कोणत्या तारखेला पुसली जाते, या प्रश्नांची लेखी उत्तरे खरेदीपूर्वीच करारात आली पाहिजेत, आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर, कायद्याने जपणे भाग असलेली नोंद वगळून, बाकीची माहिती नष्ट केल्याचे पत्र पालकांना मागता आले पाहिजे.