पेट्रोडॉलरचा करार संपला नाही, कारण तसा करार नव्हताच

‘सौदी अरेबियाने अमेरिकेसोबतचा ५० वर्षांचा पेट्रोडॉलर करार ९ जून २०२४ला संपवला. आता भारत तेल रुपयात घेणार, पेट्रोल निम्म्या भावात मिळणार. १९६६पर्यंत आखातात आपलाच रुपया चालत होता, तो काळ परत येतोय. रुपया आज पॅरिसमध्येही चालतो. डॉलर कोसळला की बँका बुडतील, तेव्हा एफडी मोडा आणि सोनं घ्या. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’

हा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कितीदा येऊन गेला असेल, याची गणती नाही. आजवर मी तो न वाचता पुसत आले. पण या आठवड्यात मावशीने फोन करून विचारलं, ‘पेन्शनच्या पैशांची एफडी मोडून टाकू का गं?’ तेव्हा गप्प बसणं चूक आहे असं वाटलं.

‘पेट्रोडॉलर करार’ म्हणजे सौदीने तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, असा कथित करार. त्याच्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ८ जून १९७४ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फाहद यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. मेसेजमधली तारीख तिथून ५० वर्षं मोजून काढलेली आहे. ते निवेदन आजही वाचायला मिळतं. त्यात दोन संयुक्त आयोग नेमले आहेत: एक आर्थिक सहकार्यासाठी, दुसरा सौदीच्या लष्करी गरजांसाठी. आर्थिक आयोगाचं काम म्हणजे उद्योग उभारणं, माणसांना प्रशिक्षण देणं, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान. तेल फक्त डॉलरमध्ये विकायचं, अशी अट त्यात कुठेही नाही. ५० वर्षांची मुदतही नाही. तेलाचे भाव तर त्याच्या कितीतरी आधीपासून डॉलरमध्येच सांगितले जात होते. जे कलम नव्हतंच ते संपणार कसं? सौदीने खरोखर डॉलर सोडला असता, तर त्यांच्या रियालचा भाव आधी हलला असता. तो १९८६पासून एका डॉलरला ३.७५ रियाल असा बांधलेला आहे आणि जून २०२४ नंतरही तसाच आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. १९७४मध्ये पडद्याआड एक समझोता झाला होता. अमेरिकेचे अर्थमंत्री विल्यम सायमन यांनी सौदीला तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत गुंतवायला राजी केलं आणि तो आकडा गुप्त ठेवायचं आश्वासन दिलं. ब्लूमबर्गने २०१६मध्ये जुनी कागदपत्रं मिळवून हे छापलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने सौदीकडच्या रोख्यांचा आकडा पहिल्यांदा जाहीर केला: मार्चअखेर ११६.८ अब्ज डॉलर. पण हा समझोता आलेले डॉलर ठेवायचे कुठे याबद्दलचा होता. तेल कोणत्या चलनात विकायचं हा वेगळा प्रश्न आहे. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली.

आता पेट्रोल. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण यात साधा गुणाकारसुद्धा केलेला नाही.

मुंबईत माहुलला असलेल्या दोन्ही सरकारी रिफायनऱ्यांचं आयात कच्चं तेल बंदरातल्या जवाहर द्वीपावर उतरतं आणि समुद्राखालच्या पाइपलाइनने आत जातं. समजा, एका जहाजात १० लाख पिंपं आहेत आणि भाव पिंपाला ७५ डॉलर आहे. बिल झालं साडेसात कोटी डॉलर. ८५ रुपयांच्या दराने ते सुमारे ६३७ कोटी रुपये होतात. सौदीच्या तेलाचा आशियातला भाव दुबई आणि ओमानच्या तेलाच्या महिन्याच्या सरासरीवर ठरतो. त्यावर सौदीची कंपनी दर महिन्याला अधिक किंवा उणे फरक जाहीर करते. माल जहाजात चढल्यानंतर साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यासाठी तेल कंपनी बँकांकडून डॉलर विकत घेते आणि ते न्यूयॉर्कमधल्या खात्यातून विकणाऱ्याला पोचतात.

हेच बिल उद्या रुपयात भरलं, तर काय वाचेल? भाव तोच राहणार. विकणारा त्या दिवशीच्या दराने ७५ डॉलरचे रुपये करून मागणार. वाचेल ते फक्त बँकेचं डॉलर बदलून देण्याचं कमिशन. डॉलरमागे १० पैसे धरा, मोठ्या कंपनीसाठी हा दर चढाच आहे. एका पिंपात १५९ लिटर तेल असतं, म्हणजे लिटरमागे पाच पैसेही वाचत नाहीत. पेट्रोल निम्म्या भावात मिळेल म्हणणाऱ्याने हे पाच पैसे मोजलेच नाहीत.

पंपावरचा बाकीचा भाव कुठून येतो? याच हिशेबाने कच्चं तेल लिटरला ४० रुपयांच्या आसपास पडतं. त्यावर शुद्धीकरणाचा आणि वाहतुकीचा खर्च, पंपवाल्याचं कमिशन आणि केंद्राचं उत्पादन शुल्क. मग राज्याचा व्हॅट: मुंबई, ठाणे, नवी मुंबईत १ जुलै २०२४पासून २५ टक्के, वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. हे सगळं आजही रुपयातच आहे. ज्याला पेट्रोल स्वस्त हवं आहे, त्याने दिल्लीला आणि मंत्रालयाला प्रश्न विचारावा. रियाधशी त्याचा संबंध नाही.

रुपयात व्यवहार करायचा प्रयत्न झाला नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ला त्याची पद्धत ठरवून दिली. परदेशी बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडते. आपला आयातदार त्या खात्यात रुपये भरतो. समोरच्या देशाने आपल्याकडून घेतलेल्या मालाचे पैसे आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून मिळतात. उरलेले रुपये आपल्या सरकारी रोख्यांत गुंतवता येतात. कागदावर हे नीट जमतं. घोडं अडतं ते ‘उरलेल्या’ रुपयांवर. २०२३-२४मध्ये आपण रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम सव्वाचार अब्जांचा. एवढ्या रुपयांचं रशियाने करायचं काय? रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी मे २०२३मध्ये गोव्यातच सांगितलं की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. आपल्याच पेट्रोलियम मंत्रालयाने संसदेच्या स्थायी समितीला लेखी कळवलं की २०२२-२३मध्ये सरकारी तेल कंपन्यांच्या कच्च्या तेलाच्या आयातीचं एकही बिल रुपयात चुकतं झालं नाही. कारणही दिलं: मिळालेले रुपये हव्या त्या चलनात नेता येतील का, ही विकणाऱ्यांची चिंता, आणि त्यात होणारा जादा खर्च. ऑगस्ट २०२३मध्ये इंडियन ऑइलने अबुधाबीच्या कंपनीकडून घेतलेल्या १० लाख पिंपांचे पैसे रुपयात दिले, ही चांगली सुरुवात आहे. पण ते फक्त वर हिशेब केला तसं एक जहाज आहे.

इराणचं उदाहरण तर या मेसेजचा पायाच उखडतं. २०१२पासून निर्बंधांच्या काळात इराणच्या तेलाचे पैसे, सुरुवातीला ४५ टक्के, आपण कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयात भरत होतो. त्यातून इराण आपला बासमती आणि चहा घेत होता. व्यवस्था सुरळीत होती. तरीही मे २०१९मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून आपल्याला दिलेली सवलत काढून घेताच आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. रुपयाचं खातं हाताशी असूनही थांबवलं, कारण आपल्या रिफायनऱ्या, बँका आणि जहाजांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या या सगळ्यांना डॉलरच्या व्यवहारांतून हाकललं जाण्याची भीती होती. राष्ट्राची आर्थिक ताकद इथे दिसते. दुसऱ्या देशाने कोणाशी व्यापार करायचा हे अमेरिका ठरवू शकते, कारण बाकीचे व्यवहार तिच्या बँकांमधून जातात.

आखातात आपला रुपया चालत होता, हे खरं आहे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे. पण तो बंद का पडला, ते मेसेजमध्ये नाही. तस्कर इथल्या नोटा आखातात नेऊन सोनं घेत आणि ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरवत. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत परत येत आणि त्यांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला परकीय चलन मोजावं लागे. म्हणून १९५९मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने १९६१मध्ये आणि बहारीनने १९६५मध्ये स्वतःचे दिनार काढले. ६ जून १९६६ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. ज्यांच्या तिजोरीत रुपये होते त्यांची एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त किंमत गेली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला, मस्कतने १९७०मध्ये. तो काळ परत आणायचा, तर आधी हा विश्वास परत मिळवावा लागेल.

पॅरिसचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. फेब्रुवारी २०२४पासून आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येतं, पण तिकीट विकणाऱ्याच्या खात्यात युरोच जमा होतात. यूपीआय हा पैसे पाठवायचा रस्ता आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे, पण त्यावरून रुपया फ्रान्सचं चलन होत नाही.

राहिला डॉलर. त्याचा वाटा घसरतोय, हे नाकारण्यात अर्थ नाही. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात २०००च्या सुमारास ७० टक्क्यांहून जास्त डॉलर होते, २०२४अखेर ते ५८ टक्क्यांच्या आसपास आले. २०२२मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीचा परकीय चलनसाठा गोठवल्यापासून बरेच देश सावध झाले आहेत. मध्यवर्ती बँका सोनं घेत आहेत, आपली रिझर्व्ह बँकही घेते. पण हे घसरणं पंचवीस वर्षांचं आहे, त्याला कोसळणं म्हणत नाहीत. एप्रिल २०२५च्या जागतिक पाहणीतही चलनबाजारातल्या ८९ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलरच होता.

आणि मावशीच्या एफडीचा याच्याशी काहीही संबंध नाही. बँक तिला रुपये देणं लागते. एफडी मुदतीआधी मोडली, तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. त्या पैशांचे झवेरी बाजारातून दागिने घेतले, तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी गेले, विकताना घट वेगळी. शिवाय इथला सोन्याचा भाव परदेशातला डॉलरमधला भाव, डॉलरचा दर आणि आयात शुल्क यांवरून निघतो. रुपयासमोर डॉलर खरंच कोसळला आणि तिकडचा भाव तेवढाच राहिला, तर इथलं सोनं उलट स्वस्त होईल.

बँकेची काळजी वाटत असेल, तर करण्यासारखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२०पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराची व्याजासह ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्याखाली आहे, सहकारी बँकांतसुद्धा. एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. म्हणून त्याहून जास्त रक्कम असेल तर एफडीची मुदत संपू द्या, आणि नूतनीकरण करताना ५ लाखांवरचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा.