जुनी तिकिटं पाकिटावर लावावीत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर जुनी टपाल तिकिटं लावण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. पन्नास-साठ वर्षं कुणीतरी जपलेली कोरी तिकिटं हौसेपायी डकवून त्यांच्यावर शिक्के मारून घेणं म्हणजे ठेव्याचा नाश, हा पहिला. आणि ती आज चालतात का, हे मी नीट सांगितलंच नाही, हा दुसरा.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझीच आहे. कोरं तिकीट कितीही जुनं असलं तरी चालतं, असं मी सरसकट लिहून गेले. नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत 1861 च्या नव्या मालिकेपासूनची तिकिटं आजही चालतात. त्याआधीची मात्र यादवी युद्ध पेटल्यावर रद्द केली गेली, कारण दक्षिणेतल्या टपाल कचेऱ्यांत त्यांचे साठे पडून होते. जर्मनीत युरोआधीच्या फेनिग या चलनातली तिकिटं 2002 च्या मध्यावर बाद झाली. ब्रिटनमध्ये राणीच्या चेहऱ्याची नेहमीची तिकिटं बारकोड नसेल तर 31 जुलै 2023 नंतर चालेनाशी झाली, पण दशमान नाणी आल्यानंतरची चित्रांची विशेष तिकिटं अजून चालतात. तेव्हा शंभर पाकिटं सजवायच्या आधी टपाल कचेरीत एक नमुना दाखवून विचारणं भागच आहे. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता ठेव्याबद्दल. इथे मला तुमचं पटत नाही.

जगातलं पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, मे 1840 मध्ये आलं. सुमारे 6 कोटी 80 लाख छापली गेली. तेव्हा तिकिटांना दातेरी कडा नव्हत्या, कात्रीनं कापून लावावी लागत. आज संग्राहकांकडे जी आहेत, त्यांतली बहुतेक वापरलेली आहेत. कुणीतरी ती पत्रावर लावली, पत्र पोचलं, आणि ज्याला पोचलं त्यानं ते जपून ठेवलं, म्हणून ती राहिली. टपालाच्या इतिहासाचा अभ्यास करणारे जीव टाकतात ते अशा प्रवास केलेल्या पाकिटांवर. पत्र कुठून निघालं, कुठल्या गावाचा शिक्का कधी पडला, वजनाला किती तिकिटं लागली, हे सगळं पाकीट सांगतं. कोरी शीट फक्त छापखान्याबद्दल सांगते.

आणि आपण बोलतोय ती तिकिटं दुर्मीळ नाहीतच. विसाव्या शतकाच्या मध्यात लोकांनी गुंतवणूक म्हणून स्मारक तिकिटांच्या शीटच्या शीट घेऊन ठेवल्या. सगळ्यांनीच ठेवल्या, त्यामुळे किंमत चढली नाही. डीलर आज त्यातली कितीतरी दर्शनी किमतीत, कधी तर त्याहूनही कमी भावात काढतात. छपाईतली चूक असलेलं, खरोखर कमी छापलेलं किंवा पहिल्या काही दशकांतलं तिकीट मीही पाकिटाला लावणार नाही. शंका असेल तर आधी जाणकाराला दाखवावं.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याइतकीच कडक आहे. शिक्का हलका पडला म्हणून तिकीट धुऊन पुन्हा लावणं ही फसवणूक आहे. पेनी ब्लॅकच्या वेळीच हे सुरू झालं होतं: काळ्या तिकिटावर लाल शिक्का धड दिसायचा नाही आणि पुसताही यायचा, म्हणून 1841 मध्ये तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा.

तुम्ही पुढे लिहिलंय की तुमच्या आजोबांच्या पेटीतल्या शीट दमट हवेनं एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या ओढून सोडवू नका, वरचं चित्र सोलून निघेल. उथळ ताटलीत साधं पाणी घ्या आणि शीट त्यात पडू द्या. जुना डिंक विरघळला की कागद आपोआप सुटे होतात. शाई पाण्यात उतरत नाही ना, हे आधी एका कोपऱ्यावर बघा. मग चिमट्यानं उचलून टिपकागदावर पालथी वाळवा. वाळताना ती वळतात, म्हणून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. पाठीचा डिंक गेला म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं त्यांची बरीचशी किंमत गेली, पण साधा डिंक बोटानं पातळ लावला की पाकिटावर ती छान बसतात. वरून चिकटपट्टी लावू नका.

पाकिटावर आधी तिकिटं मांडा, पत्ता नंतर लिहा. कमी किमतीची तिकिटं असली की सात-आठ लागतात आणि उजवा कोपरा पुरत नाही. बऱ्याच जुन्या तिकिटांवर यंत्राला दिसणारा चमकता लेप नसतो, त्यामुळे अशी पाकिटं खिडकीवर देऊन हातानं शिक्का मारून मागावा. शिक्का तिकिटांच्या कडेवर, अर्धा पाकिटावर उमटला, की तारीख वाचता येते.