शिंक आली की पाय आवळून धरणाऱ्या बायकांनो

परवा एका ग्रुपवर एकीने विचारलं, "बाळ चार महिन्यांचं झालं, पोट कसं कमी करू?" तासाभरात उत्तरांचा पाऊस. जिऱ्याचं पाणी प्या, भात बंद करा, रात्री जेवूच नका, अमुक पट्टा मागवा. एकीनेही तिला विचारलं नाही की बाई गं, खोकताना लघवी गळते का? दीड वर्षापूर्वी मीही हाच प्रश्न विचारत फिरत होते आणि मलाही कोणी हे विचारलं नव्हतं. म्हणून लिहितेय. पुरुषांनी वाचलं तरी चालेल. खरं तर वाचाच.

माहेर गोव्यात डिचोलीचं, सासर बांदोड्याला. प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे. मुलगी मे महिन्यात झाली, नॉर्मल, टाक्यांसकट. दिवस राहण्याआधी मी ५४ किलो होते, नवव्या महिन्यात ७०, दवाखान्यातून घरी आले तेव्हा ६४. बाळ, वार, गर्भजल सगळं मिळून पाच-सहा किलो तिथल्या तिथे उतरतात. पोट मात्र सहावा महिना असल्यासारखंच. गर्भपिशवी मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. न्हाणीघरात त्या पोटाकडे बघून मी रडले होते.

माहेरी सव्वा महिना मालिशवाली यायची. तेल, कढत पाणी, ओव्याची धुरी आणि शेवटी आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा. तो ती इतका आवळायची की दूध पाजायला वाकता येत नसे. मालिशीला मी नावं ठेवणार नाही. दिवसातून तासभर आपल्या अंगाकडे कोणीतरी लक्ष देतंय, हे सुख पुन्हा मिळालं नाही. पण पट्ट्याने आधार मिळतो, स्नायू तयार होत नाहीत. आणि फार आवळला की पोटातला दाब खाली, आधीच सैल झालेल्या ओटीपोटाच्या तळावर जातो. हे सगळं नंतर कळलं.

मग आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आमच्याकडे चवथीला सगळं खानदान मूळ घरात जमतं. नवऱ्याच्या मावशीने ताटात तिसरी नेवरी वाढली, "आनीक एक खा गो, भुरग्याक दूद जाय." बाळाला दूध हवं ना. मी खाल्ली. हात धुवायला उठले तर त्याच मावशी मागून, "कितें गो, पोट अजून देंवूंक ना?" म्हणजे पोट अजून उतरलं नाही? दोन वाक्यांत पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, बसलेल्या बायका हसल्या, मीही हसले. त्या रात्री मोबाइलवर 'तीस दिवसांत सपाट पोट' शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाठीवर झोपून डोकं वर उचलायचे व्यायाम, दोरीच्या उड्या, सगळं सुरू. जेवणात दोन चपात्या आणि काकडी. आठ दिवसांत दूध कमी झाल्यासारखं वाटायला लागलं, कंबर धरली, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. झोपेतून सरळ उठताना पोटाच्या मध्यभागी, बेंबीच्या वर, एक उंचवटा यायचा. उपड्या ठेवलेल्या होडीच्या पाठीसारखा. मला वाटलं, चरबी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत रुजू झाले. दुसऱ्याच आठवड्यात कवायतीला पोरांना 'पाय लांब, हात वर' करून दाखवत होते. पहिली उडी मारली आणि कळलं. दुसरी मारलीच नाही. "आता तुम्ही करा, बाई बघणार," म्हणाले आणि ओढणी पुढे घेऊन घंटा होईपर्यंत जागची हलले नाही. त्यानंतर दोन महिने मी शाळेत पाणी पिणं सोडलं. गोव्याच्या उकाड्यात, अंगावर पाजणारी बाई, दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर. आता लिहिताना स्वतःचाच राग येतो.

शेवटी एका मैत्रिणीने ओढत फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी मला वजनकाट्यावर उभंच केलं नाही. उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, म्हणाल्या, डोकं जरा उचला. बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. "तीन बोटं आत जातात. हे तुमचं पोट." गरोदरपणात पोटाचे मधले दोन स्नायू एकमेकांपासून सरकतात. बऱ्याच जणींचे काही आठवड्यांत आपोआप जवळ येतात, माझे आले नव्हते. त्यात मी रोज शंभर वेळा डोकं उचलून त्यांच्यावर ताणच देत होते. आणि खालचे, मूत्राशय-गर्भाशयाला झोळीसारखे धरणारे स्नायू, ते तर कोणाच्या हिशोबातच नव्हते. सिझर झालं म्हणून ही झोळी वाचते असंही नाही. नऊ महिने वजन तिनेही पेललेलंच असतं.

व्यायाम इतके साधे की पैसे देताना हात अडखळला. श्वास घेताना पोट सैल सोडायचं. सोडताना खालचा भाग, वायू आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखा, आत आणि वर ओढायचा. पाच मोजेपर्यंत धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हे करू नका. उठताना सरळ नाही, कुशीवर वळून हाताचा टेकू घेऊन उठायचं. बाळाला उचलताना श्वास सोडत उचलायचं. खालचा भाग ओढून धरण्याच्या या व्यायामाचं नाव केगेल, १९४८ साली अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरने हे मांडलं. म्हणजे माझी आई जन्माला यायच्या आधीपासून हे ठाऊक आहे, आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत अजून पोहोचलेलं नाही. फरक पडायला मला अडीच महिने लागले. धावणं, दोरीच्या उड्या त्यानंतर.

त्याच बाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.८. बारा हवं. मी 'आळशी झालेय' म्हणून स्वतःला शिव्या घालत होते आणि अंगात रक्तच नव्हतं. कधीकधी बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडतो, तोही तपासून घ्या. केस गळणं आणि थकवा सगळाच काही जागरणाचा नसतो.

खाण्याचं थोडक्यात. अंगावर पाजताना शरीराला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्तीच लागतात, तेव्हा उपास करू नका. पण त्यासाठी दिवसाला चार लाडू नकोत. मी ओट्सची पाकिटं परत केली. अकराची उकड्या तांदळाची पेज, नाचणीची तिजन, मुगागाठी, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), बांगडा मिळेल तेव्हा बांगडा (तळलेला नाही, हुमणातला, म्हणजे आमटीतला), आणि पाववाल्याची एक पोई. भात सोडला नाही. गोव्यात राहून भात सोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण विश्वास नाही.

खरी मारामारी वेळेची. नवऱ्याच्या वेर्ण्याच्या कंपनीची बस सव्वासातला फर्मागुडीला येते. पहाटे पावणेसहा ते साडेसहा मुलगी त्याच्याकडे, असं ठरायला आमची तीन भांडणं झाली. तो म्हणे, "रडली तर?" मी म्हटलं, "माझ्याकडेही रडतेच." त्या पाऊण तासात मी नागेशीच्या तळीपर्यंत जाऊन यायचे, जोर आला तसा फर्मागुडीचा चढ. पावसात देवळाच्या अग्रशाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या, पुजारी आधी बघत राहायचे, मग सवय झाली त्यांना. आज वजन ५८ आहे आणि गेले तीन महिने तिथेच अडकलंय. अडकू दे. उडी मारता येते.

सासूबाईंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या गाडीने कुठे जात नाहीत. शिर्डीची ट्रिप, पंढरपूर, अगदी भाचीचं बेळगावातलं लग्न, सगळ्याला "म्हाका बस लागता" हेच उत्तर. घरात सगळे त्यावर चेष्टा करतात, मीही केलीय. गेल्या महिन्यात रात्री भांडी आवरून मी चटईवर पडून श्वास मोजत होते. त्या दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. मग दार लोटून घेतलं, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तें म्हाकाय शिकय गो." मी विचारलं, कधीपासून? त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खोलीकडे बोट केलं. तो चौतीस वर्षांचा आहे.

चटई लहान पडते दोघींना. पहिल्या रात्री त्या श्वास धरूनच बसल्या, तोंड लाल. मी म्हटलं, आई, सोडा, सोडायचंही असतं. "कितले फावट?" म्हणाल्या. दहा, मी म्हटलं. त्या बोटांवर मोजत होत्या, सातव्याला त्यांना हसू आलं, म्हणून पुन्हा एकापासून सुरू केलं.