पडेल उमेदवार निवडून आणण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी ज्याला मिळणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, असा एखादा उमेदवार तुम्हाला मनापासून आवडू लागला असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. निदान दीड वर्ष पुरेल एवढा उद्योग तुम्हाला मिळाला. पण उत्साहाच्या भरात भलतंसलतं काही करून बसू नका. शेजाऱ्याशी बोलायला जाणं वगैरे. या कामाची एक रीत आहे. टेक्सासचे तेव्हाचे खासदार रॉन पॉल यांच्या कार्यकर्त्यांनी ती २००७ ते २०१२ या काळात घालून दिली. पुढे डेमोक्रॅटिक पक्षात बर्नी सँडर्सवाले आले, अँड्र्यू यांगवाले आले, पण मूळ गादी रिपब्लिकन पक्षातल्या या डॉक्टरांचीच.

डॉक्टर म्हणजे खरेखुरे डॉक्टर. प्रसूतितज्ज्ञ. चार हजारांवर बाळंतपणं केलेला माणूस. संसदेत सरकारी खर्चाचं कुठलंही विधेयक आलं की हा गृहस्थ ‘नाही’ म्हणणार, म्हणून नाव पडलं ‘डॉक्टर नो’. इराक युद्धाला विरोध करणारा रिपब्लिकन. प्राप्तिकर नको, फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक नको, चलनाला सोन्याचा आधार हवा, असं सांगणारा. १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभं राहून एकदा पडूनही झालेलं. उमेदवार निवडताना हे जरूर बघा. पडण्याचा अनुभव गाठीला असावा आणि मुद्दा असा असावा की समजावून सांगायला कमीत कमी पाऊण तास लागेल. ‘महागाई कमी करू’ असं एका दमात सांगून मोकळा होणारा उमेदवार घेतलात, तर तुम्ही करायचं काय? आपला मुद्दा १९१३ सालापासून सुरू झाला पाहिजे, कारण फेडरल रिझर्व्ह त्या वर्षी जन्माला आली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापून होईपर्यंत तुम्ही १९७१ पर्यंत, म्हणजे निक्सनने डॉलरची सोन्याशी असलेली उरलीसुरली गाठ सोडली तिथपर्यंत पोचला असाल, तर प्रगती उत्तम आहे. काकू ताट घेऊन आतल्या खोलीत गेल्या तर मुद्दा पटला असं समजावं.

आता रणनीती. पहिल्यांदा जिंकायचं ते जिथे मतदान नसतं तिथे. टीव्हीवर वादसभा झाली की चॅनेल विचारतं, आज कोण जिंकलं, मेसेज करून कळवा. इथे आपला माणूस हरता कामा नये. एकेकाने दहा-दहा फोनवरून मत द्या. ज्यांच्याकडे दहा फोन नाहीत त्यांनी पाहुण्यांचे घ्यावेत. निकाल आपल्या बाजूने लागला की त्याला जनतेचा कौल म्हणावं. त्याच आठवड्यात एखाद्या सर्वेक्षणात आपल्याला तीन-चार टक्के दाखवले तर डगमगू नका. त्याचंही उत्तर तयार आहे: ‘हे लोक घरच्या लँडलाइनवर फोन करतात हो, आपली पोरं मोबाइलवाली.’ मोबाइलवाली पोरं मतदानाला जातात का, हा प्रश्न बैठकीत कोणी काढला तर त्याला पक्षातल्या प्रस्थापितांचा माणूस ठरवून चहा पाजून वाटेला लावावं.

यानंतर एम्स. आयोवा राज्यात एम्स नावाचं गाव आहे. तिथे निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाची एक जत्रा भरायची. तीस डॉलरचं तिकीट काढलं की मत देता यायचं, आणि तिकिटं बहुतेक वेळा उमेदवारच वाटायचे. बस, जेवण, गाणीबजावणी, सगळी बडदास्त. आपल्याकडच्या मतदाराला यात नवं काही वाटणार नाही, पण तिकडे याला लोकशाहीची तालीम म्हणत. ऑगस्ट २०११ मध्ये मिशेल बाकमन यांना ४,८२३ मतं पडली आणि पॉल यांना ४,६७१. फरक १५२. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आणि चॅनेल पहिल्या आलेल्या बाईंबद्दल बोलली, तिसरे आलेले टिम पॉलेंटी शर्यत सोडून गेले त्याबद्दल बोलली, आणि दुसऱ्या आलेल्याचा उल्लेख जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा. हा अन्याय होता आणि खरोखरच होता. पण कार्यकर्ता म्हणून तुम्ही त्यावर रडायचं नाही, ते भांडवल आहे. जिंकला असतात तर चार दिवसांत विसरून गेला असतात. डावलले गेलात, आता पाच महिने पुरेल.

पैशाचं म्हणाल तर तो आपल्याकडे कधीच कमी पडत नाही, आणि या गोष्टीने विरोधकच नव्हे तर आपला उमेदवारही बावचळतो. युक्ती अशी की देणगी रोज द्यायची नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी द्यायची. याला ‘मनी बॉम्ब’ म्हणतात. तारीख निवडताना इतिहासाचं पुस्तक काढा. ५ नोव्हेंबर २००७ हा दिवस निवडला तो गाय फॉक्सच्या नावाने. हा इंग्लंडची संसद दारूगोळ्याने उडवायला निघालेला आणि पकडला गेलेला इसम. कायद्याने निवडून येऊ पाहणाऱ्या खासदारासाठी याहून शुभ मुहूर्त कुठला? त्या एका दिवसात ४२ लाख डॉलर जमले. मग बॉस्टनच्या चहा-बंडाचा वाढदिवस धरून १६ डिसेंबरला पुन्हा तोच प्रयोग, आणि ६० लाखांच्या घरात रक्कम. २००७ च्या शेवटच्या तीन महिन्यांत रिपब्लिकन उमेदवारांत सर्वात जास्त पैसा जमवला तो याच पडेल उमेदवाराने.

आणि मग त्या उत्साहात आकाशात फुगा सोडला. साधासुधा नव्हे, हेलियमचं हवाई जहाज. कार्यकर्त्यांनी स्वतंत्र वर्गणी काढून भाड्याने घेतलेलं. एका अंगावर मोठ्या अक्षरांत विचारलेलं, रॉन पॉल कोण? आणि त्याखाली सल्ला, गूगल करा. प्रचाराच्या इतिहासात मतदाराला गृहपाठ देणारं हे बहुधा पहिलंच वाहन असावं. ते डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिनातून उडालं. पक्षाचा उमेदवार ठरवणारं पहिलं मतदान ३ जानेवारी २००८ ला आयोवात होतं, म्हणजे देशाच्या पार मध्यावर. पण आयोवात थंडी असते, लोकांची दारं बंद असतात, बेल वाजवावी लागते, आणि दार उघडणारी आजी सोन्याच्या चलनाबद्दल नाही तर मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलबद्दल विचारते. फुग्याला कोणी काही विचारत नाही.

आयोवाचा निकाल: दहा टक्के, पाचवा क्रमांक. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर: आठ टक्क्यांच्या जवळपास, पाचवाच क्रमांक. इथे नवशिका कार्यकर्ता खचतो. अनुभवी माणूस लगेच यादी खालून वाचायला घेतो. आयोवात सहावे कोण? रुडी जुलियानी! न्यूयॉर्कचे माजी महापौर, सर्वेक्षणांत अनेक महिने देशात पहिले, आणि आपल्या डॉक्टरांनी त्यांना मागे टाकलं. झाला की नाही विजय? (न्यू हॅम्पशायरमध्ये जुलियानी चौथे आले, एका टक्क्याच्या आतबाहेरने. ही माहिती बैठकीत आपणहून देण्याची गरज नाही.) मोहीम आटोपली तेव्हा तिजोरीत चाळीस लाख डॉलरहून अधिक शिल्लक होते आणि त्यातून नवी संघटना काढली गेली. पैसे संपून पडलेले उमेदवार पुष्कळ असतात. पैसे उरवून पडायला संघटनकौशल्य लागतं.

एक किरकोळ बाब राहिली. मतदार यादी. काही राज्यांत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत द्यायला त्या पक्षात नाव नोंदलेलं असावं लागतं, आणि न्यूयॉर्कमध्ये तर पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपायची. म्हणजे फेब्रुवारीतल्या प्रेमासाठी ऑक्टोबरात अर्ज. उड्डाणपुलांवर हाताने रंगवलेली कापडं टांगत रात्र-रात्र जागलेल्या पोरांना हे नेमकं मतदानाच्या सकाळी कळावं, ही परंपरा आहे. ती मोडू नका. सँडर्सवाल्यांनी २०१६ मध्ये ती याच न्यूयॉर्कमध्ये इमानाने पाळली.

आपल्यापैकी जे न्यू जर्सीत किंवा बे एरियात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. एच-वन व्हिसावर असाल तर मत देता येत नाही आणि देणगीही देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत नाही. म्हणजे तुम्ही आदर्श कार्यकर्ते आहात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपली की प्रसादाची वाटी हातात धरून अमेरिकेच्या तुटीवर बोलायला कुठल्याच कागदपत्राची अट नाही.

आता मुख्य विद्या. इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो, कारण २०१२ मध्ये या मंडळींनी जे केलं ते पाहून आपल्याकडच्या जिल्हा बँकेच्या संचालकांनीही कानाला हात लावला असता.

आयोवातलं कॉकस म्हणजे मतदान केंद्र नव्हे, बैठक असते. जानेवारीतली संध्याकाळ, सात वाजता, शाळेची व्यायामशाळा नाहीतर चर्चचा हॉल, घड्या घालून ठेवण्याच्या लोखंडी खुर्च्या, सगळ्यांच्या अंगावर जाड कोट. प्रत्येक उमेदवारातर्फे कोणीतरी उठून चार शब्द बोलतं, मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं, मग मोजणी. आकडा टीव्हीवर गेला की लोक उठतात. सकाळी कामाला जायचंय, गाडीच्या काचेवर बर्फ साचतोय. हॉल रिकामा होतो. आणि खरं काम तेव्हा सुरू होतं, कारण त्या रात्री तिथे उरलेल्यांतूनच काउंटी अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडायचे असतात. काउंटीतून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय अधिवेशन, आणि पक्षाचा उमेदवार अधिकृतपणे ठरतो तो तिथल्या प्रतिनिधींच्या मतांनी. आणि आयोवाच्या प्रतिनिधींवर त्या चिठ्ठ्यांच्या आकड्याचं बंधन नव्हतं.

तेव्हा तुम्ही काय करायचं? बसून राहायचं. बस्स. थर्मासमधून कॉफी न्या, जाड मोजे घाला, लघवीला आलटून पालटून जा. अध्यक्षबाई ‘काउंटी अधिवेशनाला जायला कोण तयार आहे?’ असं थकलेल्या आवाजात विचारतील तेव्हा हात वर करा. त्या तुमचे आभार मानतील. दर वेळी माणसं मिळत नाहीत म्हणून त्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या असतात. मग मार्चमध्ये बसा, एप्रिलमध्ये बसा, जूनमध्ये बसा. खिशात सभाशास्त्राचं पुस्तक ठेवा आणि दर अर्ध्या तासाने ‘नियमाचा मुद्दा!’ म्हणून उभे राहा. समोरचे उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघून जातील. तुम्हाला सुट्टी कसली?

जानेवारीत आयोवात काय झालं होतं? त्या रात्री मिट रॉम्नी (शेवटी उमेदवारी मिळाली ती यांनाच) आठ मतांनी जिंकले असं जाहीर झालं, दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि आठ केंद्रांचे कागदच सापडले नाहीत. पॉल तिसरे, एकवीस टक्के. आता ऑगस्टमधल्या टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनाचा आकडा बघा: आयोवाची २८ मतं, त्यातली २२ पॉल यांना, सहा रॉम्नींना. पहिल्या आलेल्या सँटोरमना शून्य.

वाचताना मनात आलं असेल की अरे, ही तर उमेदवारी पळवायची पद्धत झाली. जानेवारीत कुडकुडत येऊन सँटोरमच्या नावाची चिठ्ठी टाकलेल्या तीस हजार माणसांचं काय? असल्या शंका विरोधकाने आपल्यावर हाच डाव टाकला तर काढायच्या. तोवर त्याला नियमांचा अभ्यास म्हणतात.

मेन राज्यात त्याच वर्षी आपण दोनशेहून कमी मतांनी मागे राहिलो, आणि एका काउंटीचं मतदान बर्फ पडणार या अंदाजावरून आठवडाभर पुढे ढकललं गेलं होतं. अशी संधी वारंवार येत नाही. लगेच सांगायला लागा की विजय तिथल्या बर्फाखाली गाडलाय. आठवड्याने ती काउंटी मतदान करेल, आपला माणूस तिथे पुढेही असेल, आणि एकूण बेरजेत तरीही कमीच पडेल. बेरीज सांगू नका, बर्फाचं सांगा. कॅरिबियन समुद्रातल्या यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये मात्र पॉल यांना उमेदवारांत सर्वाधिक मतं मिळाली, शंभरावर थोडी. प्रतिनिधी जास्त रॉम्नींचे, म्हणून पक्षाने विजयी ठरवलं रॉम्नींना. आयोवात आपण जे केलं तेच इथे आपल्यावर उलटलं, असं कोणी म्हणालं तर विषय पुन्हा १९१३ वर न्यावा.

टॅम्पाला जाल तेव्हा घसा जपून ठेवा. आधी मेनमधले आपले निम्मे प्रतिनिधी बदलले जातील, मग नियमच बदलेल: उमेदवार म्हणून नाव मांडायला आधी पाच राज्यांत सर्वाधिक प्रतिनिधी असले की पुरायचं, आता आठ राज्यांत बहुमत हवं. ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही ओरडे कानाला सारखेच लागतील आणि हातोडा ‘होय’वर पडेल. त्यानंतर एकेक राज्य आपली मतं पुकारेल. आयोवाचा माणूस माइकवर म्हणेल, रॉन पॉल २२. व्यासपीठावरून मात्र फक्त रॉम्नींचा आकडा परत वाचला जाईल, राज्यामागून राज्य. एकूण १९० च्या आसपास मतं पुकारली जातील आणि वरून एकही ऐकू येणार नाही. आठ महिने खुर्चीला चिकटून तुम्ही मिळवलेला हा आकडा. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून घ्या. ते शेजाऱ्याला दाखवता येईल, त्याचं नाव माहीत असल्यास.

घरी आल्यावर पाट्या, स्टिकर, टी-शर्ट गॅरेजमध्ये नीट कोरड्या जागी ठेवा. छापतानाच एक काळजी घेतलेली बरी: साल घालायचं नाही, आणि पहिलं नाव बारीक, आडनाव ठळक. २०१६ मध्ये डॉक्टरांचे चिरंजीव रँड पॉल उभे राहिले. तेही डॉक्टर, फक्त डोळ्यांचे. आयोवात साडेचार टक्के, पाचवा क्रमांक.