बंद मॉलसाठी गळा कसा काढावा

सगळ्यात आधी पात्रता तपासून घ्या. ज्या मॉलसाठी गळा काढायचाय तिथे तुम्ही कधी फारसं काही विकत घेतलेलं नसावं. घेतलं असेल तर तुम्ही नुसतं गिऱ्हाईक, तुमचा हिशोब तिथल्या तिथे मिटला, पावती मिळाली, विषय संपला. आठवणी काढायचा मान आमच्यासारख्यांचा, ज्यांनी आठ-दहा वर्षं दर रविवारी त्या एसीत फुकट चकरा मारल्या आणि सगळी मिळून खरेदी म्हणजे शंभरेक सॉफ्टी, एक मोबाईलचं कव्हर आणि ह्यांच्यासाठी एक बेल्ट, जो पुढच्याच आठवड्यात जेल रोडला अर्ध्या भावात टांगलेला दिसला आणि तेव्हापासून मॉलचा विषय निघाला की ह्यांचा हात आपोआप कमरेला जातो.

मॉलचं नाव मी सांगणार नाही. इंदुरात राहत असाल तर मनात एक नाव आलंच असेल, शेजारच्याच्या मनात दुसरं आलं असेल, आणि दोघांचंही बरोबर असेल, एवढी सोय आपल्या शहरात आहे.

तर आता कृती. रात्री जेवणं आटपली की जुना फोटो शोधा, ज्याच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापून यायची तसला. मागे सरकता जिना दिसायला हवा, पुढे अख्खं खानदान, आणि एक तरी पोरगं रडत असलेलं. फॅमिली ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, काय दिवस होते यार. बास. पाच मिनिटांत पुण्याची आत्या, देवासचे भाऊजी, सगळे हात जोडलेले आणि रडके चेहरे पाठवायला लागतात. कशाचे दिवस होते हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर सरकत्या जिन्याची गोष्ट सांगायची, प्रत्येक घरात एक असते.

आमच्या घरातली आजीची आहे. रामबागेतून टेम्पोत बसून आली होती, नऊवारी, हातात पिशवी, आणि पिशवीत न जाणो लागला तर म्हणून चिवडा. जिन्यासमोर जी उभी राहिली ती हलेना. मागे रांग लागली. गार्ड बिचारा म्हणतो, माताजी पैर रखो, अपने आप जाएगी. आजी म्हणे, अपने आप जाती है तो जाने दो उसको, मी इथेच थांबते. शेवटी काकांनी हात धरला, हिने डावा पाय ठेवला, घाबरून उचलला, आणि चप्पल गेली वर. एकटी. अख्ख्या मॉलने मान वर करून बघितलं ती चप्पल पहिल्या मजल्यावर कशी पोचली ते, तिथे टोकाला जाऊन ती तिथल्या तिथे उड्या मारत राहिली आणि आजी खालून ओरडतेय, धरा तिला, धरा! काका साध्या जिन्याने धावत जाऊन घेऊन आले. त्यानंतर आजी मॉलला देवळाचे नियम लावायची, चप्पल खाली काढून ठेवते म्हणायची.

हे झालं की बाकीच्या आठवणी जरा निवडून काढा. पार्किंगची नकोच. बेसमेंटमध्ये गाडीचे दहा रुपये घेतात म्हणून आपण स्कूटर बाहेरच्या गल्लीत लावायचो आणि मग मॉलवाल्यांनी ट्रॅफिकची वाट लावली म्हणून तिथेच उभं राहून बोंबलायचो, ते कशाला आता. मुंबईत १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल निघाला तेव्हा सुरुवातीला मोबाईल नाहीतर क्रेडिट कार्ड असेल तरच सरळ आत सोडायचे. आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर पोरं बाहेरच पोह्याचा ठेला लावून बसली असती आणि खरी गर्दी तिकडेच जमली असती.

फूड कोर्टची आठवण चालेल, पण सहा जणांत एक मसाला डोसा घेऊन तीनदा सांबार मागितलं हे वगळून. उगाच पोट भरून चालायचं नाही ना, पुढे सराफा होता. आता बघा, ज्या गावात सोनारांनी शटर ओढल्यावर त्याच ओट्यांसमोर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत माणसं भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू खात उभी असतात, दहीवडा हवेत उडवून परत पानात झेलतो तो बघायला लहान पोरांना खांद्यावर घेतात, तिथे कोणीतरी तिसऱ्या मजल्यावर बर्गर विकायला बसला होता. त्याच्या धैर्याला माझा खरंच सलाम. बंद शटरसमोर धंदा फक्त सराफ्यात होतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मग जरा ज्ञान पाजळा, रडण्याला वजन येतं. म्हणा, तुम्हाला माहितीये का, मल्टिप्लेक्स आणि खाणं सगळ्यात वर का असतं? पिक्चर सुटला की माणसं वरून खाली झिरपत येतात, प्रत्येक मजल्यावर थोडी सांडतात, म्हणून. चढणारा जिना एका टोकाला, उतरणारा दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधली सगळी दुकानं तोंडावरून गेलीच पाहिजेत. मोठं दुकान मुद्दाम लांब, की तिथे जाईपर्यंत बारक्यांचं भलं व्हावं. आमच्या मॉलमध्ये ही अक्कल सगळी वापरली होती, फक्त २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वरचं थिएटर बंद झालं ते परत उघडलंच नाही. गच्चीवरची टाकीच रिकामी, मग खालच्या नळाला काय येणार? तळमजल्याचं मोठं किराणा-कपड्याचं दुकान त्याच्या पाठोपाठ गेलं. बरं, २०२२ मध्ये तर देशभर बिग बझारच्या पाट्या उतरल्या, तिथे आमच्या मॉलचं काय घेऊन बसलात.

आणि एक नाव जरूर टाका, व्हिक्टर ग्रुएन. व्हिएन्नाचा माणूस, अमेरिकेत गेला आणि १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल नावाचा मॉल उभा केला, चारी बाजूंनी बंद आणि आत हवा गार-गरम करायची सोय, तसला तो पहिला. त्याला म्हणे युरोपातल्या गावचौकासारखं काहीतरी हवं होतं, लोकांनी भेटावं, बसावं, गप्पा माराव्या. तिथल्या लोकांनी नुसती खरेदीच केली, बाहेर मैलभर गाड्या लावल्या, आणि म्हातारपणी त्याने वैतागून ह्या सगळ्या मॉलांशी आपला काही संबंध नाही म्हणून हात झटकले. अहो, त्याला कोणीतरी इंदूर दाखवायला हवं होतं! त्याचं स्वप्न आम्ही पूर्ण केलं. बसलो, भेटलो, मुली बघितल्या, मुलं दाखवली, माझ्या मावसबहिणीचं लग्न तर कारंज्यापाशी ठरलं, आणि घेतलं मात्र काही नाही.

दोष कोणाला द्यायचा हाही भाग महत्त्वाचा. पहिला नंबर ऑनलाईनचा. लेकीने ट्रायल रूममध्ये कुर्ता घालून बघितला, साईझ पक्का केला, लेबलचा फोटो काढला आणि मॉलच्याच वायफायवरून दोनशे रुपये कमी देऊन दुसरीकडे मागवला, तेव्हा माझी पोरगी किती हुशार म्हणून चार जणींना सांगितलं होतं ते आता सांगायचं नाही. दुसरा नंबर फिनिक्स सिटाडेलचा. २०२२ च्या डिसेंबरात बायपासवर उघडला, दहा लाख चौरस फुटांच्या घरातला. त्याने आपल्या जुन्या मॉलचं गिऱ्हाईक पळवलं असं ठणकावून सांगायचं, आणि हे वाक्य शक्यतो तिथेच फिरता फिरता बोलायचं. आम्ही जातो ना. एसी छान आहे, गुडघे तेवढे अर्ध्यातच बोलायला लागतात.

आकडा लागत असेल तर तोही आहे. नाईट फ्रँक नावाच्या जागा-इमारतींच्या सल्लागार कंपनीने मोठ्या आठ शहरांत मोजणी केली, २०२३ मध्ये ६४ शॉपिंग सेंटरं अशी निघाली जिथे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. घोस्ट म्हणतात त्यांना. इंदूर त्या आठात नाही, तेव्हा आपलं भूत सरकारदरबारी काय, त्या खाजगी वहीतही नोंदलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र चुकूनही काढू नका, इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलची. कोणीतरी आगाऊ माणूस ग्रुपवर विचारतोच की १९९२ मध्ये मिल बंद झाली तेव्हा कुठे होतात, कामगारांचे २२४ कोटी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, त्यावर कोणी बासरीच्या संगीताचं रील केलं का. त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. मिलमध्ये एसी नव्हता. आपण तिथे कधी फोटो काढला नाही. तेव्हा इतकं वाईट वाटायचं कारणच नव्हतं, पटतंय ना?

आता ज्यांना खरंच रडू येतं त्यांच्यापासून लांब कसं राहायचं ते सांगते. म्हणजे दुकानमालक. आपल्याला वाटतं मॉल एकाचा असतो. जे चालतात ते बहुतेक तसेच असतात, एक मालक, दुकानं भाड्याने, कोणाशेजारी कोण बसणार हे तो ठरवणार. आमच्यासारख्या मॉलमध्ये बिल्डरने इमारत उभी राहायच्या आधीच दुकानं गाळा-गाळा करून विकली, पैसे घेतले, फीत कापली आणि गेला. मागे उरले दोन-तीनशे मालक आणि दोन-तीनशे डोकी. एकाने साड्यांच्या शेजारी टॅटूवाल्याला जागा दिली, दुसऱ्याने कोचिंग क्लासला, तिसरा दुबईत, त्याचा फोन लागत नाही. कोणी मेंटेनन्स भरेना म्हणून एसी बंद, एसी बंद म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून मेंटेनन्स कोण भरणार. फिरते आहे चक्की.

ह्या दोन-तीनशेंमध्ये आमचे काका. चप्पल आणणारे तेच. विद्युत मंडळातून रिटायर झाले आणि फंडातला मोठा हिस्सा पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात घातला, खात्रीचं भाडं येईल म्हणून. कागदावर १८० चौरस फूट. ताबा मिळाल्यावर टेप घेऊन गेले तर भरलं ९८. बाकीचे ८२ कुठेत म्हणून विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणाला, लिफ्ट, चौक, जिने, सगळ्यात तुमचा वाटा आहे काकासाहेब. तेव्हापासून घरात आम्ही म्हणतो की त्या सरकत्या जिन्याची एक पायरी आपली. कोणती ते शोधायचं राहून गेलं, आणि आता तो जिना सरकतही नाही, लोक त्यावरून चालत चढतात, पायऱ्या नेहमीपेक्षा उंच असल्यामुळे धापा टाकत. गाळ्यात आधी ग्रीटिंग कार्डं होती, मग मोबाईल, मग काही महिने एका कोचिंगवाल्याच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, मग काही नाही. मीटरसुद्धा काढून नेलं. काका म्हणाले, बरोबर आहे, बिल नाही भरलं तर मीही काढलं असतं.

काका दिवाळीला तिथे लक्ष्मीपूजन करतात. दरवर्षी. गेल्या दिवाळीला काकूचा गुडघा दुखत होता म्हणून डबा घेऊन मी गेले बरोबर. दारावरचा गार्ड म्हणाला, भिया अंदर लाइट नी है, संभल के. मोबाईलच्या उजेडात थांबलेल्या जिन्यावरून चढलो. काकांनी कुलपात तेल सोडलं, शटर अर्ध्यावर अडकलं तर खाली वाकून आत शिरले, फडक्याने एक चौकोन पुसला तेवढाच, त्यावर पाट, वही, पणत्या, लाह्या-बत्तासे. अख्ख्या मजल्यावर उजेड म्हणजे आमच्या दोन पणत्या. समोरच्या काचेवर अजून सेलचं स्टिकर होतं, पन्नासमधला पाच गळून नुसता शून्य टक्के उरलेला. आरती हळू आवाजात म्हटली तरी पोकळ चौकात घुमून परत येत होती, दहा जण म्हणताहेत असं वाटलं.

तेवढ्यात पावलं वाजली. डिलिव्हरीवाला पोरगा, हेल्मेट डोक्यावरच, शटरखालून वाकून बघतोय. काका झटकन उठले, सदरा नीट केला.

अंकल, टॉयलेट किधर है?

काका म्हणाले, दूसरे माले पे, लिफ्ट के बाजू में, पर पानी नी है उधर. मग पूजेच्या तांब्याकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि माझी पाण्याची बाटली उचलून त्याला दिली. म्हणाले, आते टाइम परसाद ले जाना.

पोरगा खरंच परत आला. रिकामी बाटली नीट ओट्यावर ठेवली, चप्पल काढली, हात पुढे केला. काकांनी मूठभर लाह्या-बत्तासे त्याच्या ओंजळीत घातले. त्याने इकडेतिकडे बघितलं, पणत्या, वही, अर्धं शटर, आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपत विचारलं, कितने हुए अंकल?