मालवाहू पायलटची दुसरी ड्युटी राहिली की ओ

दुसऱ्या महायुद्धातल्या मालवाहू पायलटवरचा लेख मस्त झालाय सर, आसाममधनं हिमालयाच्या डोंगरावरनं चीनमधल्या कुनमिंगला पेट्रोलचे बॅरल पोचवणारा तो अमेरिकन पायलट, घरदार सोडून इतक्या लांब, मानलं बुवा. पण ह्याच डकोटा नावाच्या मालवाहू विमानांनी वेढ्यातल्या पलटणींना रसद पण टाकलीय, ते लेखात आलंच नाही. १९४४ च्या मार्चात मणिपूरच्या सांगशाकला आमच्या मराठा लाईट इन्फंट्रीची ४ थी बटालियन जपान्यांच्या वेढ्यात अडकली, पाण्याचीसुद्धा बोंब, आणि जागा एवढीशी की वरनं टाकलेला बराचसा माल थेट जपान्यांच्या पदरात. पायलटनं विमान खाली आणावं तर गोळ्या, वर ठेवावं तर मालाचं पॅराशूट वाऱ्यावर! बेळगाव कॅम्पात रेजिमेंटचं सेंटर, आमच्याकडं गावागावात फौजी, तरी डकोटाचं नाव कोण काढत नाही, सगळं कौतुक फायटरवाल्यांचं. पुढच्या भागात सांगशाक घ्याच.