दावा कोर्टात राहू दे, अर्जाची पोच घ्या

बेळगावात १ नोव्हेंबरला काळा दिन होतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं आणि वर्षभर एकच वाद चालू राहतो. काहीजण म्हणतात, सीमाभागासाठी महाराष्ट्राचा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे; निकाल लागेपर्यंत कर्नाटकाकडे काही मागू नका, मागितलं तर आपण तिथलेच असं कबूल केल्यासारखं होईल. बाकीचे म्हणतात, सीमाप्रश्न विसरा, पोरांना कन्नड शिकवा, पोटापाण्याचं बघा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये बसून हा वाद वाचताना दोन्हीकडे मला एकच चूक दिसते. गाव कुठल्या राज्यात हा एक प्रश्न आहे, आणि खानापूरच्या शेतकऱ्याला जमिनीची पहाणी (म्हणजे तिथला सातबारा) कुठल्या भाषेत मिळते हा दुसरा. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेत.

स्ट्रासबुर्ग १८७१ ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा इकडून तिकडे गेलं. त्याच शहरात युरोप परिषदेचं मुख्यालय आहे. ही परिषद म्हणजे युरोपियन युनियन नव्हे. ५ मे १९४९ ला दहा देशांनी लंडनमध्ये करार करून ती स्थापली; आज ४६ देश सदस्य आहेत. तिच्या संसदीय सभेत ३०६ प्रतिनिधी आणि तितकेच बदली सदस्य असतात. सभा वर्षातून चारदा, एकेक आठवडा भरते. ती कायदे करत नाही, कुणाला दंड करत नाही. तरी तिची बसण्याची पद्धत बेळगावकरांनी नीट पाहावी. देशांच्या रांगा नाहीत. सदस्य नावाच्या अक्षरक्रमानं बसतात आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र मोजलं जातं. प्रत्येक देशाच्या तुकडीत त्याच्या संसदेतल्या विरोधकांनाही रास्त वाटा द्यावा लागतो, नाहीतर त्या तुकडीच्या अधिकारपत्रांनाच आव्हान देता येतं. म्हणजे सरकार कितीही बहुमतात असो, त्याच्या विरुद्ध बोलणारा त्याच्याच देशाचा माणूस सभागृहात असतो.

विषय पुढे सरकवायची रीतही ठरलेली आहे. किमान पाच देशांच्या तुकड्यांतले २० सदस्य प्रस्तावावर सही करतात, तो समितीकडे जातो, समिती एक अहवालकार नेमते. अहवालकार जागेवर जाऊन दोन्ही बाजूंना भेटतो. ठराव साध्या बहुमतानं होतो. सरकारांच्या मंत्रिसमितीला शिफारस करायची तर दोनतृतीयांश मतं लागतात.

हे सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही. १९९३ मध्ये सभेनं अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी मानवी हक्क कराराला जोडायचा कडक मसुदा सुचवला, शिफारस क्रमांक १२०१. मंत्र्यांनी तो घेतला नाही. १९९५ मध्ये त्याऐवजी बराच मोघम चौकट-करार आला. याच परिषदेची अल्पसंख्य भाषांची सनद १९९२ ची. फ्रान्सनं १९९९ ला सही केली, पण आजवर मान्यता दिली नाही. सही केली की काम झालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सनदेतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. देशाला शाळा, न्यायालय, प्रशासन, माध्यमं अशा भागांतून किमान ३५ कलमं निवडून बांधून घ्यावं लागतं आणि तज्ज्ञ समिती येऊन कलमागणिक तपासते. तेव्हा सरकारांचं नेहमीचं उत्तर असतं: ‘त्या भाषेत मागणीच येत नाही.’ मागणी येणार कशी? त्या भाषेतला फॉर्मच खिडकीवर नसतो, म्हणून कुणी मागत नाही. कुणी मागत नाही, म्हणून फॉर्म छापला जात नाही.

आपल्याकडेही असं सभागृह कागदावर आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं क्षेत्रीय परिषदा आल्या. सीमातंटे आणि भाषिक अल्पसंख्याक हे त्यांचे विषय कायद्यातच लिहिलेले आहेत. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची वाट त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, ती धरा. खरी खोट रचनेत आहे: केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, प्रत्येक राज्याचा मुख्यमंत्री आणि दोन मंत्री. विरोधक नाहीत, निपाणीचा मराठी माणूस नाही, सोलापूरचा कन्नड माणूसही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत ठरलेली समितीही तशीच, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री.

ही रचना बदलेल तेव्हा बदलेल; तोवर हातातलं काम करता येतं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. फसतं ते इथं: हे कलम अर्ज देण्याचा हक्क देतं, त्याच भाषेत उत्तराचा नाही. म्हणून अर्जातच भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यांनी मान्य केलेल्या योजनेचा दाखला द्या. तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. टक्केवारी जनगणनेच्या मातृभाषा-तक्त्यातूनच घ्या, अंदाजानं लिहू नका. एक आकडा चुकला की अख्खा अर्ज बाजूला पडतो. गावागावात एक वही ठेवा: तारीख, कार्यालय, अर्जाची भाषा, पोच क्रमांक, उत्तर आलं का, कुठल्या भाषेत. पोच दिली नाही तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे वाक्य कुठल्याच अहवालात टिकत नाही, अशा दोनशे नोंदी टिकतात. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना प्रत पाठवायचीच.

यानं दावा कमकुवत होतो का? दक्षिण टिरोल पाहा. इटलीतल्या या जर्मनभाषक प्रांताचा प्रश्न ऑस्ट्रियानं १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेला. तिथल्या लोकांनी भाषेचे हक्क घ्यायला तंटा मिटायची वाट पाहिली नाही: स्वायत्ततेचा नवा कायदा १९७२ मध्ये आला, आणि तंटा मिटल्याचं ऑस्ट्रियानं जाहीर केलं ते १९९२ मध्ये. ती मधली वीस वर्षं तिथली मुलं जर्मन शाळेतच शिकत होती.